खालचा खिळा

रावशान रशियातल्या सारातोवहून उझबेकिस्तानातल्या घरी पोचला तेव्हा आईला माती देऊन दोन दिवस झाले होते. फाटकाशी कमरेला सुतकाची फडकी बांधून उभ्या असलेल्या चुलत्यांच्या गळ्यात पडून तो रडला, आणि मग स्वयंपाकघरात येऊन बसला. घरात कुणी गेलं की तीन दिवस चूल पेटवायची नाही. अंगणातला तंदूर गार पडला होता. त्याची आई होलबिबी या घरात सून म्हणून आली त्याला बावन्न वर्षं झाली, आणि एवढी वर्षं तो तिनेच पेटवला होता.

त्याची बहीण मुहय्यो स्टुलावर चढली आणि वरच्या खिळ्यावरचा नान काढून तिने त्याच्या पुढ्यात ठेवला. नऊ वर्षांपूर्वी घरातून निघताना त्याने त्याचा एक घास तोडला होता. जाणाऱ्याचा नान असा भिंतीवर राहतो. परत येऊन तो त्यानेच संपवायचा, दुसऱ्याने तोंड लावायचं नाही.

या भिंतीवर पाच पोरांचे नान चढले आणि उतरले. लष्करात गेलेल्यांचे, शिकायला गेलेल्यांचे, पुढे नातवंडांचेही. सगळे होलबिबीने भाजले, टांगले, उंदरांपासून राखले. ती स्वतः कत्ताकुर्गानच्या बाजारापलीकडे कधी गेली नाही. ती गेली असती तर पीठ कोणी मळलं असतं आणि गाईची धार कोणी काढली असती? कुणी तिला विचारलंही नाही म्हणा.

“चहात भिजवून खा, अका,” मुहय्यो भावाला म्हणाली. “पार विटेसारखा झालाय. रोज पुसायची ती. पुसता पुसता तुला शिव्या. ‘मेल्या, तुझ्यापेक्षा तुझा नान बरा, घरात तरी असतो.’”

रावशानने तुकडा भिजवून तोंडात घातला. तेवढ्यात त्याला दाराजवळ, बराच खाली ठोकलेला दुसरा खिळा दिसला. त्यावरही एक नान होता.

“हा कुणाचा? अख्खाच दिसतोय.”

“आईचा.”

त्याला काही कळेना.

“दवाखान्याची गाडी दारात उभी, ड्रायव्हर हाका मारतोय, आणि ही म्हणते, आधी मला नान दे. मी पण घराबाहेर चाललेय ना? तिनेच आजारी पडायच्या आधी भाजलेला, तोच शिळा शिल्लक होता. मी तिच्या तोंडाशी धरला. किती वेळ झटत होती रे. मी म्हटलं, आई, तोंडाला लागला, तेवढं पुरे. तर म्हणे, नाही, घास तुटायला पाहिजे.”

रावशानने नान काढून उजेडाकडे धरला. काठावर एक उथळ खळगा होता, हिरड्यांनी दाबलेला. घास तुटला नव्हता.

दातांचं त्यानेच कबूल केलं होतं. दर नवरोजला फोनवर तेच: यंदा आलो की तुला दात बसवतो, वरचे सोन्याचे. ती हसायची. “आधी तू ये. जीभ शाबूत आहे माझी, तुला शिव्या द्यायला पुरते.” आणि दर वर्षी काहीतरी निघायचंच. कधी कागदपत्रं, कधी काम.

शेजारची सानोबर खाला, म्हणजे मावशीच, जेवणाचं भांडं घेऊन आत आली. “आता याचं काय करायचं, खाला?” त्याने विचारलं.

गावातले सगळे रीतिरिवाज तिला तोंडपाठ. नान टाकायचा नसतो, जमिनीवर पडला तरी उचलून कपाळाला लावायचा, हे काही त्याला सांगायला नको होतं. पुढचं त्याला माहीत नव्हतं.

खालाने नानाच्या काठावरून बोट फिरवलं.

“लढाईवर जाऊन न आलेल्यांचे ठेवलेत लोकांनी,” ती म्हणाली. “पण ते तरण्या पोरांचे. घरच्या बाईचा नान मी जन्मात पाहिला नाही रे बाबा. बाई जाते कुठे?”

तिने भांडं ठेवलं आणि डोक्यावरच्या रुमालाने डोळे पुसत निघून गेली.

रावशान नान हातात धरून उभा राहिला. खाता येईना, टाकता येईना, आणि विचारायचं जिला, तिचाच तो. शेवटी तो स्टुलावर चढला आणि आपल्या रिकाम्या झालेल्या खिळ्याकडे त्याने हात नेला.

“तिथे नको, अका,” मुहय्यो म्हणाली. “त्या खालच्यावरच लाव. गाडीत बसायच्या आधी माझ्याकडून ठोकून घेतला तिने. म्हणाली, वर नको गं, परत आल्यावर मला आता स्टुलावर चढणं जमायचं नाही. कंबर वाकलीय माझी, हात पुरेल असा ठोक.”

रावशान खाली उतरला. त्या खिळ्यासाठी त्याला वाकावं लागलं.