सीट तीन बोटं वर

गेल्या उन्हाळ्यात प्रतीक्षाच्या सायकलची सीट गुलाबने स्वतः मापात बसवली होती आणि सीटच्या पाइपवर रंगाची रेघही मारली होती. आज कितीतरी महिन्यांनी सुट्टी मिळाली म्हणून तो पाना घेऊन सायकलपाशी बसला, तर ती रेघ तीन बोटं वर. त्याचं डोकं सणकलं.

“कोन्या पोराले देतेस सायकल?”

“कोनालेच नाही, बाबा. माह्यासाठीच वर केली.”

“खोटं नोको बोलू. बसून दाखव.”

पाना त्याने मुठीत आवळून धरला. प्रतीक्षा सीटवर बसली, टाच खालच्या पायडलवर टेकवली. पाय सरळ झाला, अगदी मापात.

गुलाब बघतच राहिला. पहाटे वरठीला ड्युटीवर निघताना आणि ओव्हरटाइम करून परतल्यावर, वर्षभर पोरगी त्याला झोपलेलीच दिसली होती.