स्टेअरिंगचं तेल

कनेरगाव नाक्यावरच्या गॅरेजात रुक्माबाई भर दुपारी ट्रक घेऊन परत आली, ती चिडूनच. नवऱ्यामागं ती स्वतः गाडी चालवायची, आणि बाईमाणूस बघून मिस्त्री कसे फसवतात हे तिला चांगलं ठाऊक होतं.

“अमरसिंगदादा, पॉवर स्टेअरिंगचं तेल अजून गळूनच राहिलं. नवा पाइप टाकला व्हय तुमी, का जुनाच पुसून दिला?”

अमरसिंग मिस्त्रीला ते झोंबलं. त्यानं तिच्यासमोर तेलाची टाकी उघडली. तेल खुणेपर्यंत भरलेलं होतं. इंजिन चालू ठेवून त्यानं चाकं दोन्हीकडं वळवली आणि पाइपावरून, सांध्यांवरून स्वच्छ फडकं फिरवलं. फडकं कोरडंच निघालं.

खाली मात्र टप, टप चालूच होतं.

“मंग हे काय, माझ्या डोळ्यातलं पाणी हाय?”

“ताई, गाडी बाहेर घ्या. उजेडात बघू.”

तिनं रागारागानं ट्रक रस्त्याकडेला नेऊन बंद केला आणि परत आली. अमरसिंग रिकाम्या शेडात पुतळ्यासारखा उभा होता.

त्याच्यासमोर, गुडघ्याइतक्या उंचीवरून, लाल तेलाचे थेंब मातीत पडत होते. वर नुसती हवा होती.

“असले खेळ मला दाखवू नका,” म्हणत रुक्माबाईनं थेंबाखाली हात धरला.

तळहात भरला तशी गळती थांबली. “झालं?” असं विचारत तिनं हात पदराला खसखसून पुसला आणि दोन पावलं बाजूला सरून त्याच्यापुढं धरला.

कोरड्या तळहाताखाली टप, टप सुरू झालं.