मीटरचा काटा

बायको वारल्याचं मी बिनतारी रेडिओवरून माझ्या मित्राला, सोनबाला सांगितलं. पलीकडच्या डोंगरावरून त्याचं नेहमीचं उत्तर आलं, "खणखणीत येतोयस!"

माझे शब्द त्याला कळलेच नव्हते; चूक मी बनवलेल्या अँटेनाचीच असणार. अँटेनाचा बांबू उतरवला, सांध्यांना नव्याने डाख दिला, तार बोटबोट कापून पाहिली. उत्तर तेच.

शेवटी दरी ओलांडून त्याच्या घरी गेलो. रेडिओचा आवाज बंद होता आणि सोनबा त्यावरच्या मीटरच्या काट्याकडे टक लावून बसला होता. हाक मारली, तरी वळला नाही.

"वर्ष झालं, त्यांना ऐकूच येत नाही, भावजी," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही बोलायला लागलात की काटा चढतो; तो पडला की तुमचं बोलणं संपलं असं समजतात. तुम्ही बोलायचं सोडाल म्हणून कळू दिलं नाही."

आता रोज संध्याकाळी मी त्याच्याशी बायकोबद्दल बोलतो. बटण सोडलं की उत्तर येतं, "खणखणीत येतोयस!"