बॅटरी बदलताना

डेलने आधी पुढच्या चाकाला लाथ घातली, मग गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला.

"बाई, ही गाडी नाही, होडी आहे," तो म्हणाला. "पेट्रोल नुसती ढोसते. आणि असल्या गाड्या चालवणारी माणसं एकेक करून वर चाललीत. राग मानू नका."

"राग कसला? त्यातलाच एक माझा नवरा. बघा आणि घेऊन जा."

अमेरिकेतल्या टोलेडोत मार्च सरत आला तरी गॅरेजच्या दाराशी मळका बर्फ पडून होता. कॅझ गेल्यापासून ती पांढरी, लांबलचक लिंकन गाडी जागची हलली नव्हती, आणि लोरेटाला ती डोळ्यांसमोर नको झाली होती. एकोणीस वर्षांच्या संसारात त्याने तिला एकदाही स्टिअरिंगवर बसू दिलं नाही. "तिथल्या बटणांना हात लावायचा नाही," एवढंच सांगायचा. छातीत कळ आली त्या दिवशी घामाने सदरा भिजला, तरी किल्ली त्याने सोडली नाही. स्वतः चालवत हॉस्पिटलपर्यंत गेला आणि दारातच कोसळला. ती शेजारच्या सीटवर रिकाम्या हाताने बसून होती. हे काही केल्या तिच्या मनातून जात नव्हतं.

पायरीवर हाताची घडी घालून क्रिस्टीन उभी होती, कॅझच्या पहिल्या बायकोची मुलगी.

"बाबांची गाडी भंगारवाल्याच्या घशात घालताय," ती म्हणाली. "मी मागितली तर नाही म्हणालात. स्वतःला चालवता येत नाही, आणि दुसऱ्याला द्यायची नाही."

"येत नाही? शाळेची बस कोण चालवायचं गं? तुझीच पोरं शाळेत पोचवलीत मी."

"मग बाबांनी का नाही कधी चालवायला दिली?"

लोरेटा गाडीकडे वळली.

डेल आत बसून, कसंबसं इंजिन चालू करून एकेक गोष्ट तपासत होता. काचा खाली-वर झाल्या, दिवे लागले. त्याला खोट काढायची होती आणि ती सापडत नव्हती, त्यामुळे तो वैतागला होता. "बॅटरी मात्र गेल्यात जमा आहे," तो शेवटी म्हणाला. "नवी माझ्या ट्रकमध्ये आहे. तिचे पैसे कापून घेईन."

मग त्याने दारावरचं, सीटची ठरवलेली जागा लक्षात ठेवणारं एक नंबरचं बटण दाबलं. सीट घरघरत मागे गेली. कॅझ असाच बसायचा, पाय पसरून. डेलने दोन नंबरचं दाबलं. सीट पुढे आली, वर उचलली गेली, आणखी पुढे आली. त्याचं पोट स्टिअरिंगला टेकलं, गुडघे वर आले, बाहेरचे आरसे खाली झुकले.

"इथे कोण बसायचं, शाळकरी पोर?" तो धापा टाकत बाहेर निघाला.

क्रिस्टीन पायऱ्या उतरून आली आणि न विचारता आत बसली. ती आईसारखीच चणीने लहान. पाय पेडलवर बरोबर पोचले, आरसा डोळ्यांसमोर आला.

"आई बसायची इथे," ती म्हणाली. "बाबांनी तिची जागा तशीच जपून ठेवली होती." मग लोरेटाच्या उंच, आडव्या देहाकडे तिने खालून वर पाहिलं. "तुम्हाला बोलले नव्हते वाटतं."

लोरेटाला आठवलं. बॅटरी बदलायची वेळ आली की कॅझ आधी दुसरी एक जुनी बॅटरी केबलने जोडायचा, मगच ही काढायचा. कडाक्याच्या थंडीत, बोटं बधिर होईपर्यंत, टॉर्च तिनेच धरलेला असायचा. कशाला हा उपद्व्याप, तिने एकदा विचारलं होतं. "नाहीतर रेडिओची स्टेशनं पुसली जातात," तो म्हणाला होता. ऐकायचा एकच स्टेशन, रविवारच्या पोल्का नाचगाण्यांचं. नवऱ्याचं खूळ म्हणून चर्चमधल्या बायकांना सांगून तीही हसली होती. आता तिला त्या मेलेल्या माणसाचा असा संताप आला की दात आवळले गेले.

"गाडी हवी ना तुला?" ती क्रिस्टीनला म्हणाली. "घेऊन जा. नवी बॅटरी घालून देते."

"मग मी आलो कशाला?" डेल म्हणाला.

"बॅटरी विकायला."

क्रिस्टीन चक्रावून बघत राहिली. लोरेटाने हात घालून एक नंबरचं बटण दाबलं. सीट क्रिस्टीनला घेऊन मागे सरकली, तिचे पाय पेडलवरून सुटले. "बस तू आरामात," लोरेटा म्हणाली. तिने इंजिन बंद केलं, दार लावलं आणि बॉनेट वर उचललं. त्याच्याआड क्रिस्टीन दिसेनाशी झाली.

डेलने नवी बॅटरी आणली. सोबत केबल आणि जुनी एक बॅटरीही होती.

"आधी ही जोडून घेतो," तो खालच्या आवाजात म्हणाला. "नाहीतर सीटचं-बिटचं सगळं विसरते गाडी."

लोरेटाने त्याच्या हातातला पाना काढून घेतला आणि नटाला लावला.

"राहू दे," ती म्हणाली. "रेडिओचीच तर स्टेशनं जातात."