बावीस फोटो

"परमिट थेट तालुक्यापर्यंतचं, माझ्यासारखंच. पण हा वाटेत हात दाखवेल त्याला घेतो, साहेब!" सुनावणीत मी आरटीओ साहेबांच्या टेबलावर बावीस फोटो मांडले. प्रत्येक फोटोत हणमंतची जीप माणसांनी खच्चून भरलेली. त्याच रस्त्यावर माझी जीप निम्मी रिकामी पळते, हे मात्र सांगितलं नाही.

"खरं आहे?" साहेबांनी हणमंतला विचारलं.

"हो साहेब. म्हातारी माणसं हात करतात, मग पाय आपसूक ब्रेकवर जातो."

निदान खोटं तरी बोलायचं! परमिट महिनाभरासाठी निलंबित झालं, तरी खोलीतली माणसं कौतुकाने त्याच्याकडेच बघत होती. जिन्यात त्याने मला गाठलं. वाटलं, आता गचांडी धरतोय. तर म्हणाला, "दादा, ओढ्यापाशी जरा हळू घ्या. तिथल्या मावशींना लवकर चढता येत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी ओढ्यापाशी मावशींनी हात केला. मी थांबलो. माझे फोटो कोण काढणार होतं? मागून शाळेच्या बाई चढल्या, पुढे दूधवाला. पहिल्यांदाच माझी जीप गच्च भरली.

"हणमंत आजारी आहे का रे?" मावशींनी विचारलं. मग सगळेच सुरू झाले. हणमंत पिशव्या उचलून देतो, हणमंत परीक्षेच्या दिवशी पोरांसाठी थांबतो.

तालुका येईपर्यंत माझ्या गाडीत प्रत्येक सीटवर हणमंतच बसला होता.