कॉक्स

"क्षय म्हणजे झिजणं, ट्यूबरकल म्हणजे लॅटिनमध्ये बारकी गाठ," डॉक्टर सबनीस शिकाऊ डॉक्टरांना रंगून सांगत होते. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पेशंटसमोर मात्र कॉक्स म्हणायचं. उगाच घाबरतात."

समोर बसलेल्या नागरबाईंनी ते ऐकलं. "गेल्या आठवड्यात मला कॉक्स झालाय म्हणालात, त्यो क्षयच व्हय?"

"हो, पण गोळ्यांनी बरा होतो."

"मी व्हईन बरी. पण आठ दिस नातीला कुशीत घिऊन झोपतीया. क्षय म्हणाला असतात, तर तिला लांब ठिवलं असतं."

सगळे डॉक्टरांकडे बघत होते. सबनीसांना मान वर करवेना. "चुकलं माझं, बाई. नातीला आजच तपासायला आणा."

"भाईर बसलीया," नागरबाई म्हणाल्या. "कालपास्नं खोकतीया."