वाढत्या अंगाची सीट

"मास्तर, माप तुम्हीच घ्या," गाडीचं मागचं दार उघडून धरत तो म्हणाला. "तिची आई म्हणाली, तुम्ही सांगाल तेच करायचं."

शिंपीमास्तरांच्या गळ्यात टेप होतीच. दुकानासमोर गाडी, गाडीत साडेसहा वर्षांची लेक, आणि दाराशी लेकीच्या आईचा नवा नवरा. रविवारी दिवसभर लेक मास्तरांकडे असायची, संध्याकाळी हा तिला न्यायला यायचा. माणूस सरळ होता. एखादा तरी दुर्गुण असावा की नाही माणसात. तेवढीही सोय या गृहस्थाने ठेवली नव्हती.

डिकीत नवीकोरी बूस्टर सीट होती, प्लॅस्टिकसकट. म्हणजे नुसती बैठक, पोराला उंच करणारी. बांधायला मग गाडीचा मोठ्यांचाच पट्टा. ती याने आणलेली. आत्ताची सीट, दोन्ही खांद्यांवरून पट्टे येणारी, ती मास्तरांनी घेतलेली, लेक दोन वर्षांची असताना. घर बदललं, गाडी बदलली, बापाची म्हणून एवढी एकच वस्तू तिथे उरली होती. तीही आज निघणार म्हटल्यावर मास्तरांच्या पोटात दुखणारच.

"वजन चालतंय अजून," तो म्हणाला. "फक्त खांदे बघा. पट्ट्याच्या सगळ्यात वरच्या खाचेच्या वर गेले असतील तर सीट बदला, असं माहितीपुस्तकात लिहिलंय."

मास्तरांनी टेप लावली. टेप कशाला हवी होती म्हणा. खांदे खाचेच्या चांगले दोन बोटं वर गेलेले नुसत्या नजरेला दिसत होते. पण सकाळची शाळा याच्याकडे, रात्रीची गोष्ट याच्याकडे, आता सीटही याचीच. सगळं याच्याच पदरात का पडावं?

"पुरतेय अजून," टेप गुंडाळत मास्तर म्हणाले. "वाढत्या अंगाची घेतली होती मी. सहा महिने तरी बघायला नको."

"मग झालं तर," तो म्हणाला. वाद नाही, काही नाही. हेच मास्तरांना सोसत नसे.

ते पट्टे लावायला वाकले. बक्कल सहज लागलं, जरा जास्तच सहज. त्यांनी वर पाहिलं. लेक मान आखडून, खांदे पाडून, कंबरेत घसरून बसली होती.

"नीट बस की."

"नीट बसलं की टोचतं," ती त्यांच्या कानाशी कुजबुजली. "असं बसलं की मावते मी. रोज अशीच बसते. काकांना सांगू नकोस हं बाबा, नाहीतर तुझी सीट काढून टाकतील."

मास्तर तसेच वाकून राहिले. मग त्यांनी बक्कल सोडलं आणि लेकीला उचलून फुटपाथवर उभं केलं.

"माप चुकलं माझं," ते म्हणाले. "ती नवी काढा."

जुनी सीट मास्तरांनी स्वतः ओढून काढली. नवी त्याने ठेवली. लेक चढून बसली, पाठ टेकली, खांदे सरळ केले. पट्टा लावायला दोघेही एकदमच पुढे झाले.

"मला येतो," ती म्हणाली, आणि तिने तो खटकन लावला. दोघांचे हात तसेच पुढे राहिले.